खटखटताईंची दुसरी भेट

त्यांना सगळे खटखटताई म्हणायचे. काखेत कुबड्या घेऊन त्या जिना चढू लागल्या की वरच्या मजल्यापर्यंत वर्दी जायची. हे नाव कुणी पाडलं कोण जाणे, पण ताईंना ते भलतंच आवडलं होतं. नव्या माणसाला त्या स्वतःच सांगायच्या, "मी खटखटताई. मला घंटी दाबावी लागत नाही."

एका समाजकार्य संस्थेत त्या संशोधनाचं काम करायच्या. अपंग बायकांच्या घरी जायचं, त्यांचं कोण करतं, कसं करतं, आणि करता करता कुणी छळतं का, ते विचारायचं. असले प्रश्न विचारायला छाती लागते. ताईंकडे ती होती, वर जीभही होती! संस्थेत नव्याने आलेल्यांना त्या पहिल्याच दिवशी दम भरायच्या, "घरचा माणूस शेजारी बसवून विचाराल, तर सगळी मेहनत पाण्यात. सांगून ठेवते."

आणि नेमकी त्यांनीच माती खाल्ली.

एका घरातल्या बाईचे पाय मेंदूच्या आजारात गेले होते आणि बोलणं अडखळत झालं होतं. एकेका शब्दाला वेळ लागायचा. नवरा मोठा गोडबोल्या. बायकोची उशी सरळ करत, तिचं तोंड पुसत तो ताईंना म्हणाला, "तिचं बोलणं तुम्हाला कळायचं नाही, मी सांगतो ना." ताईंनाही तेव्हा पुढच्या घरी जायची घाई होती. तो सांगत गेला, त्या ऐकत गेल्या. बाहेर पडताना त्यांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं. संस्थेच्या मोठ्या बाईंनी तर त्याला कार्यशाळेत चार शब्द बोलायला बोलवायचंही ठरवून टाकलं.

कार्यालयात बसून ताईंनी त्या भेटीचं रेकॉर्डिंग लावलं आणि कपाळाला हात लावला. प्रश्न त्यांचे, उत्तरं नवऱ्याची. बाईचा आवाज कुठे? नुसतं "हं", "हं". एकदा तिने "खु..." एवढं म्हटलं होतं, आणि त्यावर नवरा लगेच, "खुशाल आहे म्हणते."

"अगं बावळट!" ताई स्वतःलाच म्हणाल्या. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने दचकून वर पाहिलं.

दुसऱ्या भेटीला त्या तयारीनेच गेल्या. एका कुबडीचं चांगलं रबरी बूच काढून पिशवीत टाकलं आणि जुनं, झिजून पार चपटं झालेलं बूच बसवलं. नवऱ्याने दार उघडताच त्या कळवळून म्हणाल्या, "भाऊ, एवढं काम कराल का हो? चौकापलीकडचा सायकलवाला बूच बदलून देतो. तुमच्या या गुळगुळीत फरशीवर पडले, तर आणखी एक बाई तुमच्याच गळ्यात पडायची."

आता सेवाभावी म्हणून जगभर मिरवणारा माणूस अपंग बाईला नाही कसा म्हणणार? तो कुबडी घेऊन गेला. पण जाताना बायकोकडे बघून हसला, आणि ते हसू ताईंना मुळीच आवडलं नाही.

बाई पलंगावर होती. चाकाची खुर्ची मात्र पार पलीकडच्या भिंतीला, तीही तोंड भिंतीकडे करून लावलेली. कुबड्या हातभर लांब गेल्या तरी ताईंचा जीव कासावीस व्हायचा.

"मागच्या वेळी मी चुकले," त्या म्हणाल्या. "आज तुम्ही बोला. कितीही वेळ लागू दे. तो यायच्या आत नाही जमलं, तर पुन्हा येईन. आणि मी काय करायचं, तेही तुम्हीच सांगायचं."

मग गप्प बसल्या. गप्प बसणं म्हणजे ताईंना शिक्षाच. बाईचा शब्द ओठांवर अडला की यांच्या जिभेवर तो पूर्ण तयार असायचा. पण त्यांनी दातांखाली जीभ धरली.

"खुर्ची..." बाई म्हणाली. "रागावला की... गॅलरीत. आणि कामावर... जातो."

"मारतो?"

"नाही. हात... लावत नाही. पाणी पण... लांब. मी दिवसभर... ओल्यात."

ताईंचं पित्त खवळलं. पोलीस, वकील, त्या नवऱ्याची गचांडी, सगळं एकदम डोक्यात आलं. पण तिला काय हवंय? त्यांनी विचारलं.

"ताईला... फोन. थोरली. तो म्हणतो... ती विसरली मला."

नंबर बाईला तोंडपाठ होता. पलीकडून थोरली बहीण आधी रडली, मग भडकली. "अगं, तुला कुणी भेटायला नको असतं, असं त्यानेच सांगितलं मला! निघाले बघ." ती दोन गल्ल्या सोडून शिवणकामाचं दुकान चालवायची. हातातला कपडा तसाच टाकून ती धावत आली, आणि जिन्यातच तिची धाकटीच्या नवऱ्याशी गाठ पडली. दोघं बरोबरच आत शिरले.

नवऱ्याला प्रकार कळायला वेळ लागला नाही. पण आवाज साखरेसारखाच. "अहो, हिचं डोकं थाऱ्यावर नसतं. तिला म्हणायचंय की..."

"थांबा," खटखटताई म्हणाल्या. "त्या बोलतायत."

बाई अजून बोलत नव्हती. तिने मान वर केली, ओठ दोनदा हलले. "मी... हिच्याकडे... जाणार."

"आणि तुझं करणार कोण?" आता त्याच्या आवाजातली साखर संपली होती. "दोन दिवसांत परत पाठवील ही तुला!"

ताईंनी खुर्ची भिंतीपासून ओढून पलंगाशी लावली, आणि बाई थोरलीच्या खांद्याचा आधार घेऊन, अंगातली सगळी ताकद लावून खुर्चीत बसली. घामाघूम झाली होती. नवरा हात घालायला पुढे आला, तेव्हा तिने मान हलवून त्याला अडवलं आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं.

"जो... आधी... मला विचारेल... तो."

थोरलीने डोळे पुसले. सवयीने ती खुर्चीच्या मागे गेली, मुठी धरल्या, मग सोडल्या आणि पुढे येऊन धाकटीसमोर वाकली.

"ढकलू का गं?"

बाईने श्वास घेतला. तिला कसलीच घाई नव्हती.

"ढकल," ती म्हणाली.