उकळत्या हुलग्यातलं विरजण

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी गावी, वळसंगला गेलो आणि वहिनींच्या चुलीपुढं डोक्याला हात लावून बसलो.

आधी थोडं सांगतो. मी सोलापुरात नोकरीला, दादा-वहिनी गावाकडं. वहिनींनी हौसेनं गावरान कोंबड्या पाळल्यात, खुराक घरचाच... हुलगा आणि डाळ भरडताना उरलेली तुरीची चुणी. पण ते काही त्यांना पचत नव्हतं. विष्ठेत चुणीचे तुकडे जसेच्या तसे, शेडमध्ये कायम ओल, आणि अंडी म्हणावीत की लिंबं असा प्रश्न.

त्यात दादाचा कांदा काढणीला आलेला. त्यानं सरळ सांगून टाकलं, कांदा घरी येईपर्यंत कोंबड्या सुधारल्या तर ठीक, नाहीतर त्या विकायच्या आणि शेडमध्ये कांदा भरायचा. वहिनींनी मला फोन केला. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट, ते शेड. मग मीही इरेला पेटलो.

इथल्या एका दुकानातून एन्झाइमची पावडर नेऊन दिली. डाळीचा जो भाग कोंबडीच्या पोटात फुटत नाही, तो फोडायला ती मदत करते. पण दिवसामागून दिवस गेले, फरक शून्य. मी दुकानदाराच्या नावानं खडे फोडले, फोनवर भांडलो, माल भेसळीचा आहे असंही म्हणालो... आणि त्या रविवारी बघतो तर पातेल्यात हुलगा रटरटतोय आणि वहिनी मन लावून त्यात पावडर ढवळतायत.

"अहो वहिनी, उकळत्यात?"

"मग औषध कच्चंच घालू व्हय, भावजी? कच्चं अंगी लागत न्हाय."

मी एन्झाइम सांगितलं, प्रोटीन सांगितलं, उकळीत ते निकामी होतं हे सांगितलं. वहिनी ऐकत होत्या आणि ढवळत होत्या. पुड्यावर सूचना होत्या, पण इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात. कुणासाठी छापतात देव जाणे, बहुतेक कोंबड्यांसाठीच.

शेवटी वैतागून म्हणालो, "तुम्ही उकळत्या दुधाला विरजण लावता का?"

पळी थांबली. वहिनींनी पातेल्याकडं पाहिलं, मग पुड्याकडं. "विरजण हाय व्हय हे? मग तसं सांगायचं की."

मला वाटलं, सुटलो. कसला सुटतोय... पुढच्या रविवारी चूल थंड आणि पातेलं कोपऱ्यात गोधडीत गुंडाळलेलं. हुलगा कोमट झाल्यावर पावडर घालून रात्रभर चक्क विरजायला ठेवला होता. झाकण काढलं तर आंबूस वास.

मी पुन्हा सुरू झालो... असं नसतं करायचं, गार झाल्यावर मिसळून लगेच द्यायचं असतं. तोवर वहिनींनी पाट्या भरल्यासुद्धा. कोंबड्या अशा तुटून पडल्या की त्या कलकलाटात माझं कुणी ऐकलंच नाही.

ओशाळून दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, कोमट ओल्यात ठेवलं तर पावडरीला काम करायला उलट वेळ मिळतो, फक्त बुरशी येऊ देऊ नका.

परवा परत गेलो. शेड कोरडं, विष्ठेत चुणी दिसली नाही. अंडी अजून फार मोठी नाहीत, खोटं कशाला सांगू, पण आता त्यांना लिंबं म्हणवत नाही.

निघताना वहिनींनी बजावलं, "भावजी, विरजण संपत आलंय, येताना घिऊन या." एन्झाइम हा शब्द त्या घरात आता कुणी उच्चारणार नाही, मी नाद सोडला.

कांदाही घरी आलाय. तो घराच्या सोप्यात ओतलाय आणि त्याला खेटून दादाची खाट. दादा माझ्याशी बोलत नाही, कपड्यांना कांद्याचा वास येतो म्हणून पोरं कुरकुरतात... पण शेड वहिनींचंच राहिलं. त्या विरजणाचे उपकार मानावे तेवढे थोडेच.