तोंडानं उचललेली नोट

सरांनी नोट रस्त्यावर टाकली आणि तिच्यावर बुटाचं टोक ठेवलं.

"उचल. पण वाजवणं थांबलं नाई पाह्यजे."

माझा बाप डफडं वाजवतच गुडघ्यांवर आला. मग पुढं वाकला. गाल मातीला टेकला. दातांनी त्यानं नोटेचा कोपरा धरला आणि ओढला. बूट हलला नाही. पोट्टे शिट्ट्या मारत होते. नवरदेव घोड्यावरून वाकून पाहत होता. बाप ओढत राहिला, हात वाजवत राहिले. शेवटी सरांनी पाय काढला, नोट सुटली आणि लोकांनी टाळ्या पिटल्या.

तळेगावातली वरात होती. मारुतीच्या दर्शनाला चाललेली. मी बापाच्या मागं झांजा घेऊन उभा होतो, शाळकरी पोरगा. ते सर मला शाळेत गणित शिकवायचे, आणि लग्न त्यांच्या पुतण्याचं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. म्हणाले, "तुहा बाप कलाकार हाये बे. शिकून घे त्याच्यापासून."

बापाच्या ओठांना माती लागली होती. पुसायला हात मोकळा नव्हता.

आमच्याकडं ही रीत आहे. नाचणारा नोट काढतो, नवरदेवावरून ओवाळतो आणि वाजवणाऱ्याच्या तोंडात देतो. वाजवणाऱ्याचे हात वाद्यावर असतात, हे कारण सांगतात. कुणाला जास्त रंग चढला की तो नोट जमिनीवर टाकतो. ताल न सोडता ती तोंडानं उचलणाऱ्या वाजंत्र्याचं नाव होतं. माझ्या बापाचं नाव आष्टीपर्यंत होतं. लग्न ठरलं की लोक म्हणायचे, तो नोट उचलणारा आणा.

घरी माय पाण्याची बादली भरून ठेवायची. बाप बराच वेळ चुळा भरत बसायचा.

वस्तीतल्या समाजमंदिरात चळवळीची पत्रकं यायची. पातळ कागद, शाई बोटांना लागायची. मी ती सगळी वाचून काढायचो, जुनी झालेली घरी आणायचो. माणसाला ताठ उभं राहायचा हक्क आहे, हे मी तिथं वाचलं. जयंतीच्या मिरवणुकीत घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. आणि लग्नसराई आली की ताशा गळ्यात अडकवून बापासोबत निघालो. ताठ मान घोषणेपुरती. वरातीत खाली.

बारावी झाली. हिंगणघाटला मोटर वायंडिंगचं एक दुकान आहे. कापसाच्या जिनिंगमधल्या जळालेल्या मोटरी तिथं नवी तार भरायला येतात. मालक मला ठेवून घ्यायला तयार झाला. "हात चालते तुह्या," म्हणाला, "शिकशीन लवकर. सोमवारी ये."

सोमवारी मी स्टँडवर गेलो. गाडी लागली. लोक चढले. मी चढलो नाही.

भीती वाटली. ती कसली भीती ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगतो. उपाशी राहायची नव्हती. मारायला कुणी येईल, अशीही नव्हती. मला वाटलं, तिथं जाऊन मला काहीच जमलं नाही तर? मग, तुम्हाला वाजवण्यापलीकडं काही जमायचं नाही, असं सर वर्गात म्हणायचे तेच खरं ठरेल. गावात निदान मला माझी जागा माहीत होती. कुठं उभं राहायचं, कुणापुढं मान घालायची, कधी हसायचं. वाईट होती, पण ओळखीची होती. पिढ्यान्‌पिढ्या कुणी आम्हाला साखळीनं बांधलं नव्हतं. दुसरं काही तुम्हाला जमायचं नाही, एवढंच सांगितलं होतं. इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी ते आमच्याच आवाजात ऐकू यायला लागलं.

त्यानंतरही तीन-चार वर्षं मी वाजवत राहिलो. मालकाचे निरोप यायचे. मी म्हणायचो, एवढी लग्नसराई होऊ दे.

मग त्याच सरांच्या मुलाचं लग्न निघालं. तो माझ्या वर्गातला. आम्ही एका बाकावर बसून परीक्षा दिल्या होत्या. घोड्यावर बसल्यावर त्यानं मला ओळखलं नाही.

बापाचे गुडघे तोवर गेले होते. पारासमोर वरात थांबली. सगळ्यांचे मोबाइल वर झाले. सरांनी नोट टाकली आणि बापाकडं पाहून हसले. "बुढ्याचे गुडघे गेले आता. पोट्ट्याले शिकवलं का नाई?"

रिंगण माझ्याकडं वळलं. मी बापाकडं पाहिलं. मला वाटलं, तो मान हलवेल, नको म्हणेल.

बापानं डोळ्यांनी मला खूण केली. वाक म्हणून.

ती खूण मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याच्या डोळ्यांत जबरदस्ती नव्हती. विनंती होती. माझं नाव राख, असं तो मला म्हणत होता.

माझे हात थांबले.

"काऊन थांबला बे?" सर ओरडले.

"मी तोंडानं नाई उचलत."

"मंग हातानं उचल ना, साहेब!" कुणीतरी मागून म्हणालं. सगळे हसले.

"हातानंबी नाई."

हसणं बंद झालं. सर म्हणाले, "वाजंत्र्याच्या पोट्ट्याले माज आला." ते आणखी काही बोलणार, तेवढ्यात डफड्याचा आवाज चढला. माझा बाप खाली बसत होता. एक गुडघा टेकला. दुसरा टेकताना त्याच्या तोंडातून कण्हणं निघालं, ते मला डफड्यावरूनही ऐकू आलं. तो वाकला. नोट उचलली. उठता येईना. दोघा जणांनी काखेत हात घालून त्याला उभा केला. लोकांनी नेहमीपेक्षा जास्त टाळ्या वाजवल्या.

मी ताशा गळ्यातून काढला आणि रिंगणातून बाहेर पडलो. वाट कुणी दिली नाही. मी काढली.

घरी बाप एकच वाक्य बोलला. "चारचौघात माह्यं नाव घालवलं तू."

माय म्हणाली, "आता कोन बोलावन आपल्याले?"

मी कपडे पिशवीत भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर गेलो. भीती संपली होती, असं कुणी समजू नये. तेवढीच होती. तसाच चढलो. वर्ध्याला गाडी बदलली, तेव्हा परत फिरावंसं वाटलं. फिरलो नाही. भीती जाईल मग निघू, असं म्हणत मी कितीतरी वर्षं घालवली होती. ती जात नसते. तिला सोबत घेऊनच निघावं लागतं.

दुकानात पहिली मोटर मी बिघडवली. तारेवरचं वार्निश खरवडलं गेलं. मालक ओरडला, "डोळे कुठी हाये तुह्ये? सोड सारी तार, पुन्हा भर." मी मान खाली घालून पुढचं ऐकायची वाट पाहत राहिलो. पुढं काहीच आलं नाही. तो तारेवरून बोलला, बापावरून नाही. मी तार सोडली, पुन्हा भरली. मोटर फिरली तेव्हा दुकानाच्या मागं जाऊन रडलो.

बाप माझ्याशी बोलत नव्हता. माय फोनवर सांगायची, "अजून जातात वाजवाले. वाकले का उठता येत नाई त्यायले."

गेल्या महिन्यात सरांचा फोन आला. पुतणीचं लग्न आहे, झालं गेलं विसरून जा, ताशावाला नाही. आवाज गोड. "तुम्ही पोट्टे सोडून देसान तं ही कला मरून जाईन रे."

"तुमच्या पोराले पाठवा सर," मी म्हणालो. "बाबा शिकवतीन."

त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी बापाचा आला. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच.

"सर घरी येऊन गेले," तो म्हणाला. "तू नाई आला तं मलेबी वाजवाले नाई सांगत म्हंतात. एवढ्या खेपेले येजो."

 त्याचा आवाज ऐकायला मी किती तरसलो होतो, ते त्याला माहीत नव्हतं. हो म्हणालो असतो तर तो माझ्याशी पुन्हा बोलायला लागला असता.

"नाई येत, बाबा. या लग्नालेबी नाई, कोन्याच नाई. तुम्ही इकडं या. माह्याजवळ राहा."

"म्या कायले येऊ तिथं? मले काय येते दुसरं?"

तीच भीती. माझी समजत होतो, ती त्याच्याकडूनच आली होती. त्याला त्याच्या बापाकडून.

"तुम्ही नाई आले तरी मी वाजवनार नाई," मी म्हणालो. "आपल्या घरात तुम्ही शेवटचे."

 त्यानं फोन बंद केला. त्यानंतर आलेला नाही.

कदाचित येणारही नाही. हे समजून उमजूनच मी नाही म्हणालो. पुन्हा विचारलं, तरी हेच म्हणेन.