मुलाखत मंडळाचा चॉकलेटी कोट

शनिवारी दुपारी हुपरीची एसटी दिसली की मी अजून खिडक्या बघते. गाडी थांबू दे, न थांबू दे, मान आपोआप वळते. माझ्याबरोबर शॉपमध्ये काम करणाऱ्या बायका चेष्टा करतात, "कोण पावणं येणार हाय काय गं?" मी म्हणते, व्हय, एक यायचा राहिलाय. त्यांना वाटतं माझं कुठंतरी जमलंय. वाटू दे.

आमच्या कोल्हापुरातल्या शाळेत दहावीनंतर पोरं यायची ती हाताला काम लागावं म्हणून. अकरावी-बारावीला इलेक्ट्रिकलचा कोर्स. बोर्ड भरायचे, मोटर गुंडाळायची, मल्टिमीटर धरून उभं राहायचं. मोठ्या कॉलेजातली पोरं आम्हाला रस्त्यात "ओ वायरमन" म्हणायची. त्यांच्याकडं गॅदरिंग होतं, आमच्याकडं मंडळं होती. विद्यार्थी मंडळ, लेझीम पथक, पंखे-मिक्सर नीट करून देणारं दुरुस्ती मंडळ. आणि कुठंच घेतलं नाही तर जायचं ते मुलाखत मंडळ. मी त्या शेवटच्या मंडळाची अध्यक्ष. निवडणूक वगैरे काही झाली नव्हती. वर्कशॉपच्या सरांनी विचारलं, "कोण होतंय अध्यक्ष?" सगळी खाली बघायला लागली, मी तेवढी वर बघत होते. झालं, गळ्यात पडलं.

शनिवारची सकाळची शाळा सुटली की आम्ही वर्कशॉपच्या मागच्या खोलीत जमायचो. तिथं एक टेबल आणि दोन स्टुलं. एका स्टुलावर साहेब, दुसऱ्यावर उमेदवार. बाकीच्यांनी दाराबाहेर रांग लावायची, "मे आय कम इन सर" म्हणून आत यायचं आणि घाम पुसत उत्तरं द्यायची. आमच्याकडं पोरीसुद्धा "मी येतो, मी जातो" असंच बोलतात. स्टुलावर बसल्यावर तेवढं "येते, जाते" म्हणायचं, हा मंडळाचा पहिला नियम. दुसरा नियम माझा. "तुम्हालाच का घ्यावं?" असं विचारलं की "न्हाय घेतलं तरी चालतंय" असलं काही बोलायचं नाही. "मला घ्या" म्हणायचं आणि का ते सांगायचं. आमची पोरं हमखास इथंच माती खायची. मागून घ्यायची सवयच नाही कुणाला, घरात जे ताटात पडेल ते गप खायचं. मी घसा बसेपर्यंत ओरडून तो नियम त्यांच्या डोक्यात घातला.

टेबलापलीकडं भिंतीला लागून हात असलेली एक खुर्ची होती, तिच्यात मात्र कुणी बसायचं नाही. आणि दाराच्या मागं खुंटीवर कोट होता. चॉकलेटी. सरांच्या लग्नातला. "लग्न झालं, आता त्याचं माझ्याकडं काय काम?" म्हणून त्यांनी तो मंडळाला देऊन टाकलेला. ज्याला खऱ्या मुलाखतीचं बोलावणं येईल त्यानं तो घालून जायचा, मग पोरगा असो नाहीतर पोरगी. नोकरी लागली की मंडळाला पेढे नकोत, पार्टी नको. पुढच्या शनिवारी यायचं, कोट आपल्या हातानं खुंटीला लावायचा आणि त्या हाताच्या खुर्चीत बसून बाकीच्यांची मुलाखत घ्यायची, बस्स. महिन्याभरापूर्वी स्वतःचं नाव सांगताना अडखळणारं पोरगं त्या दिवशी तंगड्या पसरून विचारायचं, "पगाराची अपेक्षा काय आहे आपली?" आम्ही तोंड दाबून हसायचो. पण प्रत्येकाला आत कुठंतरी वाटायचंच, आपण कधी बसणार.

एरवीच्या शनिवारी साहेब व्हायची ती माझी मैत्रीण. हुपरीची. घरात चांदीचं काम, चुलत-मालत सगळं कुटुंब पैंजणं घडवायला बसलेलं. लहानपणापासून कड्या जोडून जोडून हिच्या बोटांची टोकं काळी पडलेली. बाहेर दोन शब्द बोलायची नाही, पण साहेबाच्या स्टुलावर बसली की वेगळंच रूप. हसायचं नाही, पापणी हलवायची नाही. उत्तर फसलं की एवढंच म्हणायची, "उत्तर चुकलं. पुढचा पाठवा." पोरं जाम टरकायची. मला तर तिनं सगळ्यात जास्त वेळा बाहेर काढलं. मी अध्यक्ष असून.

मंडळ सुटलं की आम्ही दोघी स्टँडवर. पाच-दहा रुपयांचं भडंग घ्यायचं आणि बाकावर बसायचं. तिची हुपरीची गाडी, माझी बिद्रीच्या बाजूची. उसाच्या दिवसांत माझी गाडी ट्रॉल्यांमागं अडकून हमखास उशिरा यायची, आणि ती आपली गाडी सोडून माझ्यासाठी थांबायची. मग माझी आली की मला वाटायचं, ही एकटीच कशी बसणार, म्हणून मी माझी सोडायचे. घरी दोघींना बोलणी बसायची. काय बोलायचो एवढं? काही नाही. पोरांच्या नकला, आणि नोकरी लागल्यावर काय काय करायचं ते. त्या बाकाची आठवण आली की मला अजून जेवण जात नाही.

बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून शाळेत फोन आला. पॅनेल तपासायला एक मुलगी पाहिजे, शिकाऊ म्हणून, पुढं कायम. सरांनी दोन नावं पाठवली, तिचं आणि माझं. बोलावणं दोघींना एकाच दिवशी आलं. आणि मंडळात कोट एक.

असं कधी झालं नव्हतं. सर म्हणाले, चिठ्ठी टाका. तिनं सरांकडं बघितलं आणि म्हणाली, "कशाला सर? आत एका वेळी एकच जाणार की."

आदल्या दिवशी कोट मी घरी नेला. आमच्या घरात तोपर्यंत कोट एकच होता, भिंतीवरच्या तसबिरीतला, निळा. आजा-पणजानं धर्म बदलला तेव्हापासून ती तसबीर घरात आहे. आईनं चॉकलेटी कोट हातात घेतला, उलटापालटा करून बघितला आणि म्हणाली, "निळा न्हवता व्हय?" पण इस्त्री तिनंच केली, तांब्यात निखारे घालून नव्हे, शेजारणीची इलेक्ट्रिकची मागून आणून, आणि कोट त्या तसबिरीखाली अडकवला. वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला. कामावरून आले, कोटाकडं बघितलं आणि पाय धुवायला गेले. जेवताना म्हणाले, "घाबरू नगंस." आमच्या वडिलांच्या हिशेबात ते लांबलचक भाषण झालं.

कागलच्या गाडीत आम्ही कोट दोघींच्या मांडीवर आडवा धरला, चुरगळू नये म्हणून. तिनं बोटं लिंबानं घासून घासून लाल केली होती, तरी काळं गेलं नव्हतं. कारखान्यात पहिलं नाव माझं पुकारलं. मी गेले, "येते, जाते" सगळं नीट म्हणाले, "मला घ्या" म्हणाले, का ते सांगितलं. बाहेर आले, बायकांच्या स्वच्छतागृहाशेजारी कोट काढला, तिनं घातला. बटण लावत म्हणाली, "गरम हाय गं अजून." आणि गेली.

परतीच्या गाडीत तिनं कोट घडी घालून मांडीवर घेतला. मग सांगायला लागली. टेबलापलीकडच्या साहेबानं तिच्याकडं वरून खाली बघितलं आणि म्हणाला, "हा कोट मघाशी येऊन गेला की." ही म्हणाली, "हो सर. आमच्या मंडळाचा आहे. दोघींत एकच आहे." तो हसला म्हणे. मग पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मग तूच सांग, दोघींतली कुणाला घेऊ?"

"मग तू काय म्हणालीस?"

तिनं खिडकीबाहेर बघितलं. "मला घ्या म्हणालो."

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. "बरोबर उत्तर," म्हणाले. आणि मनापासून म्हणाले. नोकरी मलाही पाहिजे होती, नाही कसं म्हणू? पण नियम माझाच होता, आणि तो तिनं मोडला असता तर मी तिला तिथंच गाडीतून उतरवलं असतं. कागल ते कोल्हापूर ती माझा हात धरून बसली होती.

नोकरी तिला लागली आणि तिची शाळा सुटली. पुढच्या शनिवारी मी ती खुर्ची ओल्या फडक्यानं पुसली. पोरं पण जरा नीटनेटकी आली होती, आज खरी साहेबीण येणार म्हणून. दाराबाहेर रांग लावली. ती आली नाही. तिच्या गल्लीतली अकरावीतली एक पोरगी कोट पिशवीत घालून घेऊन आली. "ताईला शनिवारची सुट्टी न्हाय," म्हणाली. खरंच नव्हती, कारखान्याची सुट्टी दुसऱ्या वारी असते. कोट मी खुंटीला लावला नाही. टेबलावर तसाच घडी घालून ठेवला आणि पोरांना म्हटलं, जावा घरी.

रजा काढून ये म्हटलं. "बघतो," म्हणाली. सणाची सुट्टी शनिवारी पडली तेव्हा फोन केला, तर "दमलोय गं." मग फोनच कमी झाले. एकदा मी चिडून चार शिव्या घातल्या तेव्हा बोलली. म्हणाली, "त्या खुर्चीत तू बसायला पायजे होतीस. मी कोणत्या तोंडानं बसू? समोर तू रांगंत उभारणार आणि मी तुला प्रश्न इचारणार व्हय?" मी म्हटलं, अगं येडे, त्यासाठीच तर बोलावतोय. तिनं फोन ठेवला.

मग साहेब मी झाले. जमलंच नाही. मी "उत्तर चुकलं" म्हटलं की पोरं फिदीफिदी हसायची, एक जण तर म्हणाला, "दीदी, तुम्ही ओरडा, तेच बरं वाटतंय." स्टँडवरच्या बाकावर मी एकटी बसायचे आणि पहिली गाडी आली की चढायचे. घरी वेळेवर जायला लागले. आईला वाटलं, पोरगी सुधारली.

बारावी झाली. उन्हाळ्यात उद्यमनगरातल्या एका शॉपमध्ये मला बोलावणं आलं. पंपांचे कंट्रोल पॅनेल करणारं शॉप, मालक स्वतःच मुलाखत घेणार होते. कोट घालून गेले. "मला घ्या" म्हणाले. त्यांनी घेतलं. आईनं त्या दिवशी तसबिरीपुढं मेणबत्ती लावली आणि मला म्हणाली, "चॉकलेटी बी वाईट दिसत न्हाय."

शाळा सुरू झाल्यावर मालकांना विचारून मी पहिल्याच शनिवारी गेले. माझा शनिवार. दारात नवी अकरावीची पोरं रांग लावून उभी, सर कोपऱ्यात. हाताची खुर्ची कुणीतरी पुसून ठेवलेली. किती दिवस त्या खुर्चीची वाट बघितली होती मी. पुढं गेले, खुर्चीच्या हातावर हात ठेवला, आणि तिथंच थांबले. माझ्या आधीचा तिचा एक शनिवार राहिला होता ना. रांग मोडून बसणारी मी नव्हे.

कोट काढला नाही. फोन काढला आणि तिला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडं जेवणाची सुट्टी असणार याचा अंदाज होता. तिनं उचलला. डोक्याला कापडी टोपी, समोर डबा, मागं कुठंतरी मशीनचा आवाज. "काय गं?" म्हणाली. फोन त्या खुर्चीत ठेवला, पाठीला टेकवून, नीट उभा. तिला आता समोर टेबल दिसत होतं आणि टेबलाअलीकडचं स्टूल. पोरं टकामका बघायला लागली, खुर्चीत मोबाईल बसवलेला त्यांनी कधी बघितला नव्हता. मी खोलीबाहेर गेले, रांगेच्या पहिल्या नंबरला उभी राहिले आणि दारातून विचारलं, "मे आय कम इन?"

फोन बंद पडला की काय म्हणून सर खुर्चीकडं जायला निघाले, मी हातानंच त्यांना थांबवलं. मग आतून आवाज आला. "या. बसा."

बसले. तिनं घास गिळला, टोपी सरळ केली. नाव विचारलं. शिक्षण विचारलं. तोच चेहरा, पापणी हलत नाही. मी "येते, करते" सगळं नीट सांगितलं. मग ती थांबली. मला माहीत होतं आता काय येणार.

"तुम्हालाच का घ्यावं?"

उत्तर मला पाठ होतं, शेकडो पोरांकडून मीच पाठ करून घेतलेलं. तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर पडलं.

"मला न्हाय घेतलं तरी चालतंय गं," मी म्हणाले, "पण तू ये की."

फोनमध्ये तिनं मान खाली घातली, डब्याचं झाकण लावलं, परत काढलं. मग वर बघितलं.

"उत्तर चुकलं," ती म्हणाली. "पुढचा पाठवा."

"पाठवा" म्हणताना तिचा आवाज मध्येच तुटला. मागं मशीन चालू होतं, त्यामुळं पोरांना काही कळलं नाही. मी उठले, कोट काढून खुंटीला लावला आणि पुढच्याला आत पाठवलं.