तिसरा ओंडका कोणी धरला?

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर हसतच आले. फार्मा प्लांटमध्ये क्वालिटीला आहे मी, पुराव्याशिवाय कशावर सही करत नाही. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय... आणि लिहितानाही भीतीपेक्षा संतापच जास्त येतोय.

२०२१ चा फेब्रुवारी, लॉकडाऊन. मी आणि नवरा निखिल आयर्लंडमध्ये मलिंगार गावाच्या बाहेर, एका शेतावरच्या घरात भाड्याने राहत होतो. घरात लाकडं जाळायचा स्टोव्ह. मालक मायकेल, सत्तरीचा, शेजारीच राहायचा. वादळात पडलेली झाडं त्याने रानात कापून ठेवली होती. म्हणाला, "माझी क्वाड न्या, हवे तेवढे ओंडके ओढून आणा. उतार ग्रँड आहे." ग्रँड म्हणजे तिकडच्या बोलीत एकदम ठीक.

क्वाड म्हणजे शेतातली चार जाड टायरची उघडी गाडी. निखिलला वाटलं, त्यात काय एवढं!

रविवारी दुपारी मी उताराच्या पायथ्याशी, फाटकापाशी उभी होते. निखिलने क्वाडमागे साखळीने बांधून एकेक करत ओढलेले दोन ओंडके नीट खाली आले. तिसरा जाडजूड होता. अर्ध्या उतारावर साखळी सैल पडली आणि तो चिखलावरून घसरत थेट निखिलच्या पाठीवर यायला लागला.

"उडी मार, निखिल!" मी ओरडले.

त्याचा गमबूट फूटरेस्टमध्ये अडकला होता.

आणि ओंडका थांबला. त्याच्यापासून हातभर अंतरावर. मागचं टोक जमिनीपासून वीतभर वर उचललेलं... मग जड पिंप ठेवावं तसं ते सावकाश खाली टेकलं.

मी धावत वर गेले. ओंडक्याच्या मागे चिखलात दोन खोल चर होते, टाचा रोवून कोणीतरी मागे ओढल्यासारखे. टाचांच्या ठशांत खिळ्यांच्या खुणा, जुन्या काळच्या खिळे ठोकलेल्या बुटांसारख्या. येणारं पाऊल नाही, जाणारं नाही.

तशीच तरातरा मायकेलच्या दारात गेले. सगळं ऐकून तो खुर्चीत बसला. म्हणाला, "माझे वडील. घोड्याने लाकूड ओढायचे. त्याच उतारावर ओंडक्याखाली सापडून गेले."

"मग आम्हाला तिथे का पाठवलंत?"

तो म्हणाला, "मी इतकी वर्षं जातो. माझ्यासाठी ते कधी आले नाहीत. म्हटलं, दुसऱ्या कोणासाठी येतात का बघावं."

माझा तोल सुटला. "माझा नवरा मेला असता! तुम्ही आमच्यावर प्रयोग करत होतात?"

त्याने सॉरीसुद्धा म्हटलं नाही. फक्त विचारलं, "ते काही बोलले का?"

महिन्याभरात आम्ही घर सोडलं. निखिल म्हणतो, ओंडका मुळाला अडकला असेल. निघायच्या आदल्या दिवशी मी तिथे जाऊन काठीने उकरून पाहिलं. गुडघाभर खोल नुसता चिखल, मूळ कुठेच नव्हतं.