जपानातल्या खोलीसाठी बेंबळीत चौकशी

त्यानं चहाला हात लावला नाही.

आईनं चांगले कप काढले होते, निळ्या काठाचे. घरात दूध कमी होतं म्हणून शेजारून मागून आणलं. कप त्याच्यापुढं स्टुलावर ठेवला. तो म्हणाला, "आत्ताच झाला." मग गाडीतून बरोबर आणलेली पाण्याची बाटली उघडली. आमच्या अंगणात, आमच्या खुर्चीवर बसून स्वतःचं पाणी प्याला.

आई म्हणाली, "घ्या की दादा, साखर कमीच टाकलीय."

"नको नको. ऍसिडिटी होते."

चहावर साय धरली. आई सायीकडं बघत राहिली.

या माणसाला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चांगले कपडे, मऊ बोलणं. तो चौकशीला आला होता. लग्नाच्या नाही, माझी चाळिशी उलटलीय. जपानातल्या एका खोलीसाठी आला होता.

क्रमानं सांगते. तशी सवय आहे मला.

लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात राहून मी इंग्रजी शाळेत शिकले. पुढं धाराशिवच्या एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवत राहिले. जूनमध्ये नवी ऑर्डर, एप्रिलमध्ये घरी. कायम कधीच झाले नाही. मग पुण्याच्या एका एजन्सीमार्फत जपानातल्या शाळेत इंग्रजी शिकवायची नेमणूक मिळाली. एकच गोष्ट राहिली होती. तिथं कुठं राहणार तो पत्ता ठरवून कळवायचा. त्याशिवाय पुढचे कागद हलणार नव्हते.

एजन्सीनं तीन जागा सुचवल्या. मी कागद घेतला, तीन रकाने आखले. शाळा किती लांब, हिवाळ्यात खोली गरम राहते का, दवाखाना कुठं, स्वयंपाक करता येतो का. पहिली जागा शाळेजवळचा भाड्याचा फ्लॅट. दुसरी, एका मराठी ताईंचं घर. त्या बरीच वर्षं तिकडं आहेत, आपल्याकडून जाणाऱ्या शिक्षिकांना खोल्या देतात. तिसरी, एका कंपनीच्या जुन्या इमारतीतला ब्लॉक. डोंगराच्या बाजूला, शाळेपासून दोन गाड्या बदलून. बर्फ पडतो. आसपास आपलं कुणी नाही.

पहिली लगेच गेली. एजन्सीतली मुलगी फोनवर म्हणाली, "मॅडम, तो मालक परदेशी भाडेकरू ठेवत नाही. वाईट वाटून घेऊ नका, तिकडं असतं असं."

वाईट वाटलं. पण ते तोंडावर सांगितलेलं होतं. मी रेघ मारली आणि ताईंना व्हिडिओ कॉल लावला.

ताई मोकळ्या हसल्या. "अगंबाई, धाराशिवच्या का तुम्ही? माझं माहेरच तिकडचं! मग तर काही प्रश्नच नाही." शेंगाच्या चटणीवर बोलल्या, उन्हावर बोलल्या. मला वाटलं, मिळाली जागा. मग त्यांनी गाव विचारलं, मी बेंबळी सांगितलं. आडनाव परत एकदा विचारलं. आमचं आडनाव मराठ्यांतही असतं, आमच्यातही असतं. त्यावरून काही कळत नाही. म्हणून पुढचा प्रश्न आला.

"बेंबळीत घर कोणत्या अंगाला तुमचं?"

हा प्रश्न ज्यांना विचारला जातो त्यांनाच तो समजतो. मी म्हणाले, "ओढ्याच्या पलीकडं."

"बरं, बरं. माझा भाऊ येऊन जाईल हं. सहजच. भेटायला."

तोच हा भाऊ. स्टँडवर त्यानं आमचं घर विचारलं तेव्हाच त्याला कळलं असणार. तरी आला. खात्री करायची होती. दारातून आत नजर टाकून भिंतीवरच्या तसबिरी एकेक करून पाहिल्या. तिथं त्याचं काम झालं. उठताना हात जोडले. "ताईशी बोलतो," म्हणाला.

आम्ही मातंग. मी इथं लिहिते, कारण त्यानं तो शब्द एकदाही उच्चारला नाही. ताईंनीही नाही. त्यांचा निरोप आला तो असा: खोली भरली आहे.

आईनं तो चहा मोरीत ओतला नाही. गार झालेला तसाच प्याली. "दूध मागून आणलंय," म्हणाली. मग कप घासता घासता विचारलं, "जपान लई लांब हाय का गं?"

"विमानानं जायचं. समुद्रापलीकडं."

"अन् तिथं बी ह्येच?"

मी कप पुसून फडताळात ठेवला.

"मग इमानाला कशाला पैसा घालतीस? हितंच ऱ्हा की. हितली मानसं निदान वळखीची तरी हायती."

ती हसली. मला हसू आलं नाही.

धाराशिवला नोकरी लागली तेव्हाही मी खोली शोधली होती. 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी असायची. आडनावापर्यंत सगळं गोड चालायचं. मग गाव, मग घर कुठं, मग "अहो, आमच्या पाहुण्यांनाच लागतेय ती." पाटी दुसऱ्या दिवशीही तिथंच. मी मान डोलवायचे, आभार मानायचे आणि निघायचे. खोली मिळाली नाही ती नाहीच. सगळी नोकरी बेंबळीतून एसटीनं ये-जा करून केली. वर्गात मुलांना शिकवायचं, धिस इज माय होम. हे माझं घर. संध्याकाळी स्टँडवर उभं राहायचं.

तेव्हा वाटायचं, गाव लहान आहे, माणसं लहान आहेत. लांब गेलं की सुटेल. आता कळलं, लांब जाण्यानं काही सुटत नाही. ते आपल्या आधी पोचलेलं असतं. घर बांधून, खोल्या काढून बसलेलं असतं.

दोन दिवसांनी ताईंचाच फोन आला. एजन्सीच्या मुलीनं गळ घातली होती म्हणे.

"हे बघा, मी काही तसलं मानत नाही हं," त्या म्हणाल्या. "मुलं तर काय वाट्टेल ते खातात माझी. पण घरात गणपती बसतात. बाकीच्या मुलीही आहेत. तुम्ही या. फक्त दोन गोष्टी. एक, तिथं कुणाला काही सांगत बसायचं नाही. गाव धाराशिव सांगा, बास. आणि स्वयंपाक आपल्या खोलीतच करा. शेगडी देते मी. नवी घेऊन देते."

"बाकीच्या मुली कुठं करतात?"

"त्या... खाली, किचनमध्ये. अहो, गर्दी होते तिथं."

"मग गर्दी आहे म्हणून सगळ्यांनाच शेगड्या दिल्यात का?"

मग त्या म्हणाल्या, "तुम्ही फार मनाला लावून घेता. परक्या देशात एकट्या पडाल. आपलं माणूस लागतं हो."

"पडेन एकटी," मी म्हणाले. "तुमची खोली मला नको. भाऊ आला होता तेव्हा माझ्या आईनं त्याला चहा दिला होता. तो गरम होता. त्याला सांगा."

फोन ठेवला. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. उरला तो डोंगराकडचा ब्लॉक. तिथं भाषा येणार नाही. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली तर ती का राहिली, ते कधी कळणार नाही. आजारी पडले तर कुणाला हाक मारायची, माहीत नाही. तिथं सुख आहे म्हणून मी तो निवडला नाही. दुसरं काही राहिलं नव्हतं.

एजन्सीला कळवलं. ती मुलगी वैतागली. "मॅडम, ताईंचं घर तर आम्ही जपानातल्या शाळेला कळवलंय. आता बदलायचं तर कारण द्यावं लागतं. वैयक्तिक कारण टाकू का?"

"नाही. जात पाहून आधी खोली नाकारली, मग जात लपवायची अट घातली, असं टाका."

"असं कसं टाकणार, मॅडम!"

"झालं तेच टाका."

"त्यांना कास्ट म्हणजे काय ते तरी कळणार आहे का?"

"मी समजावून सांगेन. इंग्रजीच शिकवायला चाललेय."

मग खालच्या आवाजात, खरंच काळजीनं म्हणाली, "मॅडम, ते घाबरतील. कटकटीचं माणूस म्हणतील. नेमणूक अडकेल तुमची. एवढ्या वर्षांनी मिळालंय. दोन शब्दांचा तर प्रश्न आहे."

तिचं बरोबर असेल. अडकेल. कदाचित जाईलही. या वयात दुसरी मिळणार नाही, हे मला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. जून आला की पुन्हा त्याच शाळेच्या दारात ऑर्डरसाठी उभं राहावं लागेल, तेही ठाऊक आहे.

तिला म्हणाले, "वैयक्तिक लिहिलंत तर मी सही करणार नाही. यात माझं वैयक्तिक काहीच नाही. ते आईचं आहे, ओढ्यापलीकडच्या सगळ्या घरांचं आहे. खरं कारण लिहा आणि पाठवा."

तिनं अजून पाठवलेलं नाही. 'वैयक्तिक' लिहिलेल्या कागदावर मीही सही केलेली नाही. करणार नाही.