नदी नसल्याचा कागद

आमचं गाव म्हणजे नदीतलं बेट. वरच्या अंगाला नदी फुटून दोन होते, गावाला वळसा घालते आणि खाली पुन्हा एक होते. पूल नाही. पलीकडे जायचं तर गूळ करायची मोठी लोखंडी काईल पाण्यात सोडायची, चौघांनी तिच्यात बसायचं आणि दोघांनी पोहत ती ढकलायची. लग्न होऊन मी अशीच काईलीतून सासरी आले. नवरा पोहत काईल ढकलत होता. त्याच्यापेक्षा काईल बरी दिसत होती.

दर गुरुवारी पलीकडून नर्सबाई यायच्या. पाण्यानं वेढलेलं गाव म्हणून तसा खास हुकूम होता. बाई अंगानं भरलेल्या आणि पाण्याला भलत्या भ्यायच्या. काईलीत बसल्या की डोळे मिटून देवाचा धावा करायच्या, आणि काठाला उतरल्या की आम्हाला शिव्या द्यायच्या. आमच्या दारच्या कडुलिंबाला काटा टांगून, झोळीत घालून लेकरांची वजनं घ्यायच्या, सुया टोचायच्या, अशक्त लेकरांना दुधाची भुकटी द्यायच्या. बायकांत चौथी शिकलेली मी एकटी, म्हणून वहीत नावं लिहायचं काम माझ्याकडे होतं.

लातूर जिल्हा नवा झाला आणि त्याच्या पाठोपाठ दुष्काळ आला. नदीत वाळू तेवढी उरली. नव्या जिल्ह्याला नवे साहेब आले. त्यांतल्या एकानं कागद धाडला, की गाव आता पाण्यानं वेढलेलं राहिलं नाही, सबब नर्सबाईंनी गावात जाऊ नये, गावानं लेकरं घेऊन पलीकडे यावं. तसं त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्या शेळ्याही रोज पलीकडे जाऊन चरून येत होत्या.

पण त्याच आठवड्यात मी बाळंत झाले. तिसरी मुलगीच, त्यामुळे पेढ्यांचा खर्च वाचला. पोर म्हणजे पडवळाएवढी, अंगावर मास नाही. तिला पलीकडे दाखवायला न्यायची, तर आमच्यात बाळंतीण सव्वा महिना नदी ओलांडत नाही.

"अगं आई, नदी हाय कुठं? वाळू हाय समदी," नवरा म्हणाला.

"नवरा मेला म्हणून बाई कुणाची बायको न्हवती असं हुतं का रं?" सासूबाई म्हणाल्या. "आटली तरी नदीच हाय ती."

नवरा शेळ्या सोडायला निघून गेला. आईपुढं त्याला आयुष्यभर शेळ्याच आठवत आल्या.

वाट शेवटी नर्सबाईंनीच काढली. त्यांनी निरोप धाडला, "मला गावात जायला बंदी हाय. नदीत बसायला न्हाई." अर्ध्यापर्यंत जाणं म्हणजे ओलांडणं नव्हे, हे सासूबाईंनाही पटलं. गड्यांनी दोरी धरून नदीचा मध्य काढला. सासूबाईंनी दोरीवर भरवसा न ठेवता मला चार पावलं अलीकडेच बसवलं. वाळूत बैलगाडी मागं टेकवून उलाळी उभी केली, वर गेलेल्या जुवाला काटा टांगला आणि दवाखाना सुरू झाला.

पहिल्या गुरुवारी पोरीचं वजन बघून बाईंनी कपाळाला हात लावला आणि भुकटीचा डबा दिला. दुसऱ्या गुरुवारी काटा असा खाली आला, की बाईंनी दोनदा वाचला.

"मावशी, सुनेला खायला तरी काय घालताय?"

"डिंकाचे लाडू. माझ्या हातचे," सासूबाई म्हणाल्या आणि त्या आठवड्यात साऱ्या गावाला लाडू कसे वळायचे ते सांगत फिरल्या.

वजन भरलं म्हणून भुकटी बंद झाली. मला मात्र पोरीच्या मांड्यांना सुरकुत्या दिसत होत्या. रडायची तेही मांजराच्या पिलासारखं. मी बोलले तर सासूबाई म्हणाल्या, "तू खरी का काटा खरा?" चौथी पास बाई काट्यापुढं काय बोलणार?

तिसऱ्या गुरुवारी साहेबच जीप घेऊन आले. सरकारी नर्स वाळूत दुकान मांडून बसते, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. ते गाडीजवळ येऊन उभे राहिले, बाईंनी पोरीला झोळीत घातलं, आणि दुपट्याच्या घडीतून काहीतरी निसटून साहेबांच्या बुटावर पडलं. साहेब एका पायावर नाचले. बघते तर आमच्या घरचा अडकित्ता. चांगला जाड, पितळी मुठीचा.

"ह्यो हितं कसा?" बाईंनी विचारलं.

"नजरेला," सासूबाई म्हणाल्या. "पैल्या गुरुवारी लोकांनी लई बघितलं पोरीला. बाळापाशी लोखंड ठेवत्यात, ठावं न्हाई का?"

"मावशी, म्या त्याच्यासकट वजन घेतलं की!"

"लोखंड नजरेसाठी असतंय बाई. वजनासाठी थोडंच असतंय?"

बाईंनी अडकित्त्याशिवाय पोर तोलली. पहिल्या गुरुवारपेक्षाही कमी भरली. त्यांनी पोर माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आजच्या आज तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला पाहिजे. अंगावर पिणारी पोर हाय, आई संगं पाहिजे. उद्यावर टाकाल तर माझ्याकडं येऊ नका."

दवाखाना पलीकडे होता. सव्वा महिना संपायला अजून बरेच दिवस होते. सगळे सासूबाईंकडे बघू लागले. त्या अडकित्त्याकडे बघत होत्या. मग पदर खोचून सरळ साहेबांपुढे गेल्या.

"सायब, हितं नदी न्हाई म्हणून कागद तुमीच धाडला?"

"हो. नाहीच आहे."

"मंग माझ्या हातात लिहून द्या. सहीचं."

साहेब आधी हसले. पण सासूबाई जीपच्या पुढ्यातच मांडी घालून बसल्या, तेव्हा त्यांनी बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, की सदर ठिकाणी आजरोजी नदी अस्तित्वात नाही. खाली सही केली. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. सासूबाईंनी घडी घालून माझ्या ओटीत टाकला आणि म्हणाल्या, "ऊठ. सरकारनं नदी काढून टाकलीय. बस जीपमंदी."

दवाखान्यात पोर बरेच दिवस होती. नर्सबाई एक दिवसाआड येऊन बघून जायच्या. सासूबाई दाराशी पथारी टाकून होत्या. पोरीला तोलताना आता त्या स्वतः दुपटं झटकून दाखवायच्या, दोनदा. आम्ही परत आलो तेव्हा तिच्या मांडीवर चिमटीत धरण्याइतकं मास आलं होतं.

पुढच्या वर्षी नदी भरून वाहिली. खास हुकूम पुन्हा सुरू करायचा का, हे बघायला तेच साहेब आले आणि पलीकडच्या काठावर उभे राहून काईल पाठवा म्हणून ओरडू लागले. सासूबाई एका काखेत पोर आणि एका हातात तो कागद घेऊन अलीकडच्या काठावर गेल्या.

"काईल कशाला सायब?" त्यांनी कागद हलवून हाळी दिली. "हितं नदी न्हाई! या की चालत!"

त्यांनी साहेबांना बराच वेळ तसंच उभं ठेवलं, मग काईल सोडू दिली. येताना साहेबांनीही डोळे मिटून घेतले होते. पुढच्या गुरुवारपासून नर्सबाई पुन्हा आमच्या काठाला उतरून शिव्या देऊ लागल्या.