सोमवारी टाइप केलेले दहा कागद

माझी मावशी अठ्ठावीस वर्षं पोलीस ठाण्यात टायपिस्ट होती. तिच्याबद्दल लिहायचं तर आधीच सांगून टाकते, माझा अजून तिच्यावर राग आहे.

निवृत्त झाल्यावर ती गप्प घरी बसेल, छे! बलात्काराच्या आणि मारहाणीच्या तक्रारींचं पोलीस पुढे काय करतात, यावर विद्यापीठातल्या एक बाई संशोधन करत होत्या. जुन्या फायलींतलं साहेबलोकांचं अक्षर त्यांना लागेना. मावशीला लागायचं. "त्यांच्या बायकांना नसेल लागत तेवढं मला लागतं," म्हणायची, आणि रोज दहाच्या ठोक्याला विद्यापीठात हजर.

त्यात एक फाइल लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईची निघाली. तिथल्या मुकादमाने तिला कपड्यांच्या खोलीत कोंडून तिच्यावर अत्याचार केला होता. शेवटच्या पानावर टाइप केलेलं, 'तक्रारदार सहकार्य करत नाही, सबब तपास बंद.'

"तारीख चुकलीय वाटतं," संशोधक बाई म्हणाल्या. "तक्रार मंगळवारची आणि तपास बंद आदल्या सोमवारी?"

मावशीने तो कागद पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "चूक नाही ती. दर सोमवारी असे दहा कागद मी तयार करून ठेवायचे. तारखेसकट. नाव तेवढं मागाहून भरायचं. साहेबांचा वेळ वाचायचा. तारीख कोण बघतंय?"

दहा! बाईने ठाण्याची पायरी चढायच्या आधीच तिचं सहकार्य संपलेलं! मावशीने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी हातातला पेला आपटला.

"काही वाटलं नाही तुला?"

"काम होतं गं ते," ती म्हणाली.

वा रे काम! दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

तोवर संशोधक बाईंनी तो कागद वरिष्ठांना दाखवला आणि चौकशी लागली. तिसऱ्या दिवशी जुन्या साहेबांचा फोन. आवाज एकदम गोडगोड. टायपिंगची चूक होती असं लिहून द्या, या वयात कशाला नसती झंझट? तिने चूक म्हटलं असतं तर ती फाइल कायमची बंद. खरं सांगितलं तर तपास पुन्हा सुरू, पण ठपका आधी तिच्यावर.

"साहेब, टायपिंगची चूक मी जन्मात केली नाही," म्हणाली आणि फोन ठेवला.

चौकशीला मी तिच्यासोबत गेले. समोर लॉन्ड्रीवाली बाई बसलेली, मनगटांवर भाजल्याचे जुने डाग. मावशीने कागदांचं सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही असं मला वाटलं.

ती बाई म्हणाली, "सहकार्य करत नाही? मी सात वेळा आले होते ठाण्यात. सातही वेळा तुम्हीच मला सांगितलंत, साहेब बाहेर गेलेत."

अधिकारी लिहायचे थांबले. मी मावशीकडे बघितलं.

"साहेब आत होते," ती म्हणाली. "सातही वेळा. हे पण लिहून घ्या."